उत्तर: निपाणीच्या ताईंसाठी (आयर्लंड, जीएनएम आणि माहेरचं नाव)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) महाराष्ट्रात, लग्न होऊन कर्नाटकात, सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, लेक लहान आणि आयर्लंडला जाऊ का नको... माझंच की वो हे सगळं, फक्त मी खानापूर तालुक्यातली, आणि आता आयर्लंडात नर्स आहे.

ओईटी (इंग्रजीची परीक्षा), अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट (नोंदणीसाठीची परीक्षा) वगैरे यूट्यूबवर भरपूर आहे, ते मी लिहीत बसत नाही. मला परीक्षेनं नाही अडवलं, जिथं शिकले त्या कॉलेजच्या ऑफिसनं अडवलं (नाव घेत नाही). आयर्लंडच्या नर्सिंग बोर्डाला थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास विषयवार लागतात आणि तो फॉर्म कॉलेजनं भरून थेट पाठवायचा असतो, आपण पाठवलेला चालत नाही. क्लार्कचं एकच पालुपद, "या नावाची मुलगी आमच्या रजिस्टरात नाही." नसणारच ना, सासरचं नाव तुमच्या रजिस्टरात कुठून येणार! अ‍ॅफिडेव्हिट दिलं, मॅरेज सर्टिफिकेट दिलं, तर ते कन्नडात आहे म्हणून परत. इंग्रजी करून, नोटरी करून नेलं तर मॅडम रजेवर, मग मॅडमच बदलल्या, नवीन मॅडमना जुनी फाइल सापडेना, आणि एवढं होऊन फॉर्म गेला तो मिडवाइफरीच्या तासांचा रकाना कोरा ठेवून. बोर्डानं शंका काढली. तोवर ओईटीची २ वर्षांची मुदत संपली, परत फी, परत अभ्यास, तेही नाइट ड्युटी करून. त्या रकान्यात चार आकडे लिहायला कुणाचं काय जात होतं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: आधी कॉलेज, मग कौन्सिल (आपल्या राज्यात नर्सचं रजिस्ट्रेशन करतं ते), ओईटी सगळ्यात शेवटी. क्लासवाले उलटं सांगतील, त्यांना फी पाहिजे. फॉर्म पाकिटात घालायच्या आधी प्रत्येक रकाना स्वतः बघा, "आम्ही पाठवतो" म्हणाले तरी हलू नका. तुमचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे असेल तर दोन्ही कौन्सिलची रजिस्ट्रेशनची खात्री देणारी पत्रं लागतील असं धरून चला. आपल्याला मुंबई आणि बेंगळुरू सारखीच लांब, त्यामुळे एक झाल्यावर दुसरं असं करू नका, दोन्ही अर्ज एकदमच टाका.

दुसरं म्हणजे आपल्या कागदावर नर्स आणि मिडवाइफ एकत्र असतं, इथं आयर्लंडात रजिस्टरचे विभाग वेगळे. मी कणकुंबीकडच्या पावसात, लाइट नसताना बॅटरीवर डिलिव्हऱ्या केल्यात, पण इथं नर्स म्हणून नोंद असल्यामुळं लेबर वॉर्डात मिडवाइफ म्हणून उभी राहू शकत नाही. जीवाला लागतं ते. तरी मिडवाइफचा हट्ट आत्ता धरू नका, आधी नर्स म्हणून शिरा.

आता लेकीचं. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट किंवा अ‍ॅडॅप्टेशनसाठी (हॉस्पिटलात देखरेखीखाली काम करून दाखवणं) येता तेव्हा नवरा-मुलांना आणता येत नाही. नोंदणी होऊन क्रिटिकल स्किल्स परमिट (तिथलं वर्क परमिट) मिळालं की दोघांना आणता येतं आणि मिस्टरांना कामही करता येतं. मधले महिने एकटीचेच. माझी लेक सासूबाईंकडं होती, फोनवर यायचीच नाही, रुसायची, आणि मी इकडं ड्युटी संपवून बाथरूममध्ये रडायचे. सासूबाईंनी तो काळ निभावला म्हणून मी इथं आहे, पैसे पाठवून ते फिटत नाही. त्यांना इकडं आणायचं तर व्हिजिट व्हिसावर, जास्तीत जास्त ९० दिवस. पाळणाघर मात्र भयंकर महाग, आम्ही दोघं उलटसुलट शिफ्ट घेतो, एक घरात शिरला की दुसरा बाहेर. त्यामुळं मिस्टरांशी आत्ताच स्पष्ट बोला, स्वयंपाक येतो का तेही विचारा (हसू नका, खरंच).

एजंट लाखात मागत असेल तर उठून या. सरकारी नोंदणीच्या एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी साइटवर आहे का बघा.

मी काही वकील नाही, नियम बदलत असतात, बोर्डाच्या साइटवर स्वतः खात्री करा. आणि कर्नाटकात रजिस्ट्रेशन केलंय का, केलं असेल तर कुठल्या नावानं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगा, मग अ‍ॅफिडेव्हिटमध्ये काय घालायचं ते सांगते.