शोभेच्या वाफ्यात भाजी लावावी का?

प्रश्न : बंगल्यापुढे क्रोटन, मुसांडा आणि थोडी हिरवळ आहे. तिथं भाज्या लावल्या तर शेत दिसेल, असं घरचे म्हणतात. (राजारामपुरी)

सरी काढून एकच भाजी लावली तर दिसेलच! झुबक्यानं लावा. क्रोटनपुढे लाल माठ, कोपऱ्यात गवती चहा, मागे हळद. पावसाळाभर हळदीची रुंद पानं कुठल्याही विकतच्या शोभेच्या झाडाला हार जात नाहीत. शिवाय एकाच जातीची दाटी नसली की मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, एवढ्या झपाट्यानं पसरत नाही. दोडका-काकडीची नर-मादी फुलं वेगळी असतात, म्हणून मधमाश्या लागतात, आणि शेजारची फुलझाडं त्यांना बोलावतात. वांगी-टोमॅटोआधी त्याच जागी झेंडू दाट घ्या, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्यानं आळा बसतो. पुदिना मात्र कुंडीतच बरा, वाफ्यात सोडला तर सगळीकडे हातपाय पसरतो. मिरची, वांग्याला दिवसाचं सहा तास ऊन हवं. पालेभाज्यांचं त्याहून कमी उन्हात भागतं.

प्रश्न : कढीपत्ता अळ्या फस्त करतात. गुलाबाचं औषधच त्यावर मारू का? (नागाळा पार्क)

अजिबात नको! या लागवडीतली माझी एकच कडक अट आहे : जिथलं खायचं, तिथल्या शोभेच्या झाडांवरही विषारी फवारा नाही. वाऱ्यानं तो उडतो, आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या आत भिनतं, पान धुऊन जात नाही. तुमच्या अळ्या बहुधा लिंबावरच्या फुलपाखराच्या असणार. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, म्हणून दोन्हींवर येतात. सकाळी पानं उलटून पाहा आणि हातानं वेचा. लिंबाचं मोठं झाड असेल तर तिथं सोडा, फुलपाखरं होतील.

प्रश्न : लहान मुलं आहेत. काय लावू नये? (कसबा बावडा)

कण्हेर आणि डायफेनबेकिया नकोच. रंगीत कॅलेडियम अळवाशेजारी लावू नका. पानांचा आकार सारखाच असतो, पण कॅलेडियम तोंडात गेलं तर आग होऊन सूज येते. मुलांना एकच सवय लावा : विचारल्याशिवाय तोडायचं नाही.

प्रश्न : पावसात वाफ्यात पाणी साचतं. (फुलेवाडी)

वाफा वीतभर उंच करा आणि सखल कोपरा अळवाला द्या, त्याला ओल मानवते. पाऊस सरला की उसाचं पाचट तोडून चार बोटं पसरा, खोडाला न चिकटवता. उन्हाळ्यात पाणी कमी लागेल.