युगांडाला वाचनालय उभारायला निघालायस, तर आधी हे वाच

इथून जुन्या पुस्तकांची खोकी पाठवू नकोस. भाडं पुस्तकांहून महाग पडतं आणि कुणाचे तरी रद्दीतले गाइड तिथे कोण वाचणार? राजधानी कंपालात लुगांडा या तिथल्या स्थानिक भाषेतली पुस्तकं मिळतात, ती घे. तिथे खेड्यांत पहिली तीन वर्षं शाळा स्थानिक भाषेत चालते, त्यामुळे पोरं त्यांवर तुटून पडतात.

कपाट भिंतीला चिकटवून ठेवलंस तर वाळवी आलीच. लोखंडी पाय, मागे वीतभर जागा. विषुववृत्तामुळे बारा महिने सातच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून सौर दिवा हवाच. मोठी माणसं शेतावरून परतल्यावरच येतात.

आणि ग्रंथपाल गावचाच नेम. त्याच्या पगाराची सोय आधी, रंगरंगोटी मागाहून. (फोटो रंगरंगोटीचेच छान येतात, ठाऊक आहे.)