अ‍ॅमस्टरडॅममध्ये घर: जिना आधी बघा, किचन नंतर

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये हिंजवडीहून अ‍ॅमस्टरडॅमला येताय, इथली भाडी बघून धडकी भरली, तर आल्या आल्या घरच घेऊन टाकावं का. यादीही दिलीत: नवं बांधकाम, तीन बेडरूम, स्टेशन जवळ, बाग, पूर्वेचं दार. आणि आई-बाबा दरवर्षी तीन महिने येणार.

आधी एक हिवाळा भाड्याने काढा, असं मी कळकळीने सांगेन. बँक इथे घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, पण नोटरी, मूल्यांकन, एजंट आणि २ टक्के हस्तांतरण कर हे सगळं स्वतःच्या खिशातून जातं. (वय ३५ च्या आत असेल आणि घर ठरलेल्या किमतीच्या आत बसत असेल, तर हा कर एकदा माफ होतो.) मूल्यांकनाच्या वर बोली लावलीत तर तो फरकही तुमचाच. दोन वर्षांत परत जावं लागलं तर यातलं बरंचसं बुडतं. शिवाय डिसेंबरात उजाडायला पावणेनऊ होतात आणि साडेचारला अंधार पडतो. पावसात समोरून वारा असताना सायकलवर वीस मिनिटं म्हणजे काय, हे जूनमध्ये कळत नाही. स्टेशन किती जवळ हवं ते तेव्हा ठरवा.

आता यादी. किचन, फरशी, खिडक्यांच्या काचा पुढे बदलता येतात. जिना, पाया आणि जमीन सहज बदलता येत नाही, म्हणून ते यादीत वर घ्या.

आम्हाला १९३० च्या सुमाराचं एक घर फार आवडलं होतं. तीन खोल्या, मागे बाग. दुसऱ्यांदा बघायला बाबांना नेलं. वर चढले ते नीट. उतरताना पायरीवर निम्मंच पाऊल मावत होतं, बोटं बाहेर. ते पाठमोरे झाले, दोन्ही हातांनी जिन्याला आधारासाठी लावलेला दोर धरला आणि एकेक पायरी चाचपत खाली आले. काही बोलले नाहीत, फक्त पाणी मागितलं. ते घर आम्ही सोडलं. शेजारच्या आम्स्टलफेन गावात लिफ्टचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. बाग गेली, मुलं अजून एकाच खोलीत झोपतात. मला ते चालतं.

जुनं घर घेणार असाल तर पाया कशाचा ते विचारा. इथली कित्येक घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. भूजल खाली गेलं की लाकडाला हवा लागते आणि ते कुजतं. दुरुस्ती लाखभर युरोंपर्यंत जाऊ शकते. तांत्रिक तपासणीची अट बोलीतून काढा म्हणजे घर मिळेल, असं एजंट म्हणेल. काढू नका. सही केल्यावर माघार घ्यायला तीनच दिवस मिळतात.

अ‍ॅमस्टरडॅम शहरात बरीच जमीन पालिकेची असते, एर्फपाख्तवर, आपल्याकडच्या सिडकोच्या लीजसारखी. जमिनीचं भाडं किती वर्षांचं भरलंय आणि पुढे किती होणार ते कागदावर बघा. फ्लॅट असेल तर व्हीव्हीईची, म्हणजे सोसायटीची, शिल्लकही बघा.

पूर्वेचं दार मलाही हवं होतं. आमचं उत्तरेला आहे. देव्हारा पूर्वेकडे तोंड करून मांडला.

आई-बाबांची पहिली फेरी कधी ठरते ते कळवा. ते येऊन घर बघेपर्यंत बोली लावू नका. घर बघायला शनिवारी मी बरोबर येईन.