गाणाऱ्या घरातल्या मुलांना गाणं आपोआप येतं का? आणि बाहेरच्या मुलांना ते सगळं शिकवतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ वर्षांची आहे, घरात कुणी गाणारं नाही. सांगलीत एक गाणारं-वाजवणारं कुटुंब आहे, त्यांच्याकडे तिला घालायचंय. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, 'असली विद्या ते घरच्या पोरांना देतात, बाहेरच्यांना परीक्षेपुरतं.' घरच्यांच्या रक्तातच असतं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी अशाच घरातली. मिरजेची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गायचे आणि शिकवायचे. आई पेटीची साथ करते, दादा तबला वाजवतो आणि शिकवतो. मी दिवसा बँकेत असते आणि संध्याकाळी सहापासून अण्णांच्याच खोलीत क्लास घेते. तेव्हा काकूंच्या त्या 'घरच्या पोरी'पैकी एक बोलतेय असं समजा.

लपवण्याचं आधी. जुन्या काळी लपवत नव्हते असं कोण म्हणेल? बंदिशीची अस्थाई, म्हणजे पहिला भाग, सांगायची आणि अंतरा, म्हणजे दुसरा भाग, स्वतःकडे ठेवायचा, शिष्यानं वर्षानुवर्षं पाणी भरायचं, असल्या गोष्टी आम्हीही लहानपणी मोठ्यांच्या गप्पांत ऐकल्या. पण ती कुलुपं उघडायला सुरुवात झाली तीही आमच्याच भागातून. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाका उडून डोळे अधू झाले, मग मिरजेत गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, वर्गात बसा, शिका. आज तुमच्या-आमच्या मुलांना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देता येतात त्याचं मूळ तिथे आहे.

आणि आमच्या घरात लपवायचं म्हटलं तरी लपवणार कुठे? बाहेरची खोली दहा बाय बाराची. तिच्यात सतरंजी, दोन तंबोरे, पेटी आणि सात-आठ मुलं. पलीकडे स्वयंपाकघर, मध्ये फळ्यांची भिंत. अण्णा जे काय सांगत ते त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकदमच पोचायचं. शिवाय घर चालायचं ते शिकवण्यांवर. मैफिलीचं नाव मोठं, पण बिदागीतून गाडीभाडं, तबलजीचं पाकीट आणि तंबोऱ्यावरच्या मुलांचं जेवण वजा केलं की उरायचं काय, ते आईला विचारा. (दादा साथीला असला की काही आयोजक 'घरचाच तबलजी आहे ना' म्हणून त्याचं पाकीटच देत नसत. दादाला त्याचा राग अजून आहे.) ज्यांच्या फीवर घरात किराणा येतो त्यांच्यापासून विद्या चोरून ठेवायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

आता 'आपोआप'चं बघू. इथे मला जरा लांबण लावावी लागेल.

घरच्या मुलांना एक गोष्ट खरंच फुकट मिळते. तुम्हाला वाटेल ती उत्तम गाणं ऐकणं. तेही मिळतं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं असलं की आई आम्हाला शाल गुंडाळून घेऊन जायची, नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या गाण्यालाही. निम्म्या वेळा आम्ही तिच्या मांडीवर झोपलेले असायचो. पण खरा फायदा झाला तो चुकीचं गाणं ऐकून. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे कुणी ना कुणी चुकायचं, अण्णा थांबवायचे, परत म्हणायला लावायचे, परत चुकायचं. भैरव रागातला कोमल धैवत (ध) एका मुलाचा नेहमी चढा लागायचा. आई भाकरी थापताथापता आतूनच म्हणायची, 'वर गेला.' अण्णा बाहेरून म्हणायचे, 'ऐकलंस? स्वयंपाकघरातून कळलं.' मी त्या वेळी सहा-सात वर्षांची असेन, पाटावर बसून गृहपाठ करायचे. चढा म्हणजे काय आणि बरोबर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही. एकच जागा चाळीस वेळा चुकताना आणि एकेचाळिसाव्या वेळी जमताना ऐकली की कानात ती जागा बसते. तुमच्या मुलीला आठवड्यातून दोनदा एकेक तास मिळेल, आणि त्यातही ती स्वतः गायच्या धास्तीत असेल. फरक काही असेल तर तो एवढाच आहे.

गळा मात्र आपोआप येत नाही. उलट घरच्या मुलांच्या गळ्यात भलतंसलतंही येतं. माझंच सांगते.

अण्णांची पट्टी, म्हणजे पेटीवरचा त्यांचा सा, काळी एक; माझी बरीच उंच, काळी चार. मी लहानपणापासून त्यांच्यामागे बसून तंबोरा धरला आणि त्यांचं गाणं तसंच्या तसं उचललं. पूरिया धनाश्री रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल गाताना गंधारावरून (ग) तीव्र मध्यमाकडे (म) जायच्या आधी अण्णा क्षणभर थांबत. मला ती जागा फार आवडायची. वाटायचं, काय ती गायकी, सुराला वाट बघायला लावतात! मीही तिथे थांबायला लागले. घरी येणारे लोक म्हणायचे, 'अगदी वडिलांसारखं गाते.' मी खूष, अण्णाही खूष.

अठराव्या वर्षी अण्णांनी मला सांगलीतल्या एका बाईंकडे पाठवलं. त्यांची गुरुभगिनी, वयानं मोठ्या. मला ते आवडलं नव्हतं; घरात गवई असताना मी बसनं सांगलीला का जायचं? पहिल्याच दिवशी बाईंनी तोच ख्याल गायला लावला, आणि त्या जागेवर हात वर केला.

'इथे का थांबलीस?'

'अण्णा थांबतात.'

'तुझ्या अण्णांना दम्याचा त्रास आहे. त्यांना तिथे श्वास लागतो. तुला काय झालंय?'

मी गप्प. बाईंनी तंबोरा जवळ ओढला, खुंटी पिळून माझ्या पट्टीत आणला आणि म्हणाल्या, 'आता अण्णांना विसरून फक्त सा लाव.' तीन महिने मी जवळपास तेवढंच केलं: सा, मग खर्जातले म्हणजे खालचे स्वर, मग पलटे, म्हणजे स्वर उलटसुलट गायचा सराव. घरी आल्यावर रडायचे. आई म्हणायची, 'जेवून घे.' अण्णांना मी कधी सांगितलं नाही बाई काय म्हणाल्या ते. त्यांना ठाऊक असावं असा मला संशय आहे, नाहीतर त्यांनी पाठवलंच नसतं.

तेव्हा रक्ताचं म्हणाल, तर वडिलांकडून मला दम्याची जागाही मिळाली होती, दमा नसताना.

हे माझ्या एकटीचं नाही. गायिका हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. वडील साक्षात अब्दुल करीम खाँ. पण त्यांची मुख्य तालीम झाली अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. त्या घरात आईवडील वेगळे झाले होते, म्हणून तिथली गोष्ट वेगळी म्हणा हवं तर. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर दहा वर्षांचे असताना १९३१ साली विष्णु दिगंबर गेले, आणि मुलाला घडवलं ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धनांनी आणि नारायणराव व्यासांनी. त्यातले विनायकराव पुन्हा आमचे मिरजेचेच. म्हणजे विष्णु दिगंबरांची विद्या त्यांच्या मुलापर्यंत पोचली ती बाहेरच्या मुलांच्या हातून. काकूंना हे जरूर सांगा.

घरच्या मुलांची आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. गुरूला आपण नमस्कार करतो, फी देतो, वेळेवर जातो. वडिलांना 'आज नको, डोकं दुखतंय' असं सांगता येतं, आणि वडिलांनाही आठ मुलं शिकवून झाल्यावर नवव्याला शिकवायचा कंटाळा येतो. दादाची सगळी तालीम रात्री साडेनऊनंतर, अण्णा पेंगत असताना झाली. हातावर ताल धरायचे, डोळे मिटलेले. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, दादा चुकला की मात्र डोळे उघडायचे.

आता तुमच्या मुलीचं.

त्या कुटुंबाकडे खुशाल घाला. आधी एकदा जाऊन बसा आणि दोनच गोष्टी बघा. तंबोरा भिंतीला टेकवून शोभेला ठेवलाय की रोज जुळवतात, हे पहिलं. हल्ली मोबाईलवरचा तंबोरा सगळेच लावतात, मीही गर्दीच्या दिवशी लावते, त्यात पाप नाही. पण मुलांसमोर खरा तंबोरा जुळवणं हाच अर्धा धडा असतो. आधी खुंट्या पिळून तारा आणायच्या, मग खालचे मणी सरकवून बारीक मिळवायचं, मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा घालून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, शोधायची. दोरा केसभर सरकला की तार एकदम बोलायला लागते. पावसाळ्यात हे सगळं दोनदा करावं लागतं. मिरज एवढी जवळ आहे, एखाद्या रविवारी मुलीला सतारमेकर गल्लीत आणा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले दिसतील, कुणीतरी कानशीनं घोडी घासत बसलेला दिसेल. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले लोक दीडेकशे वर्षांपूर्वी या धंद्यात आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आठ वर्षांच्या पोरीला मानांकनाचं काय, पण भोपळा बघून ती नक्की खूष होईल.

दुसरं: शिकवणारा चुकलेल्या मुलाला तिथेच थांबवतो की परीक्षेचे राग उरकत पुढे जातो. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून आमच्याकडेही नववीतली मुलं आईबापांसकट धावत येतात, 'मध्यमा कधी होईल?' त्यांना नाही म्हणता येत नाही. तुमची आठ वर्षांची आहे, तुम्हाला घाई नाही, ती कुणी लावत असेल तर लावू देऊ नका. फी किती, हेही पहिल्या दिवशीच स्पष्ट विचारा. 'काय द्यायचं ते द्या' म्हणणाऱ्या घरात नंतर दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

आणि एक विनंती त्यांच्याकडे नक्की करा: हिचा तास झाला की पुढच्या तुकडीच्या वेळी हिला कोपऱ्यात बसू द्याल का? बहुतेक जण हो म्हणतील. गाऊ नकोस, लिहू नकोस, नुसती बस, असं तिला सांगा. चित्रं काढत बसली तरी चालेल. मला फळ्यांच्या भिंतीआड जे फुकट मिळालं ते तिला असं मिळेल.

माझ्याकडे बुधगावहून एक मुलगी येते, नऊ वर्षांची. आईवडील शेती करतात, घरात गाणं फक्त रेडिओवर. परतीच्या एसटीची वेळ अशी की तास संपल्यावर तिला पाऊण तास थांबावं लागतं, म्हणून दोन वर्षं ती मोठ्यांच्या तुकडीत कोपऱ्यात दप्तरावर हनुवटी टेकून बसते. मला वाटायचं, कंटाळते बिचारी. मागच्या आठवड्यात पाऊस होता. मी तंबोरा जुळवून मोठ्या मुलींना यमन सुरू करायला सांगितलं, तर कोपऱ्यातून आवाज आला, 'ताई, जोडातली एक उतरलीय.' जोड म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या, एकाच सुरात मिळवलेल्या दोन तारा.

मी तार छेडून बघितली. उतरली होती.