मुलांसाठी काय हवे, ते अर्जात वेगळे लिहा

प्रश्न: लग्नाला नऊ वर्षे झाली. नवरा दारू पिऊन मारतो, बहुतेकदा मुलांसमोरच. दोन महिन्यांपूर्वी सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन मी हडपसरहून मिरजेला माहेरी आले. मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागलाय. कोणी मोठ्याने बोलले तरी कानांवर हात ठेवतो. नवरा म्हणतो, ‘मुलांना पळवल्याची केस करीन, शाळेतून उचलून नेईन.’ फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे आणि जुनी शाळा दाखला देत नाही. मी आधी काय करू?

उत्तर: अपहरणाच्या धमकीची भीती मनातून काढा. न्यायालयाचा मनाईचा किंवा ताब्याचा आदेश नसताना आईने स्वतःची मुले सोबत नेली, तर ते अपहरण ठरत नाही. पण असा कागद तुमच्या हातीही नाही. उद्या नवऱ्याने मुलाला शाळेतून नेले, तर पोलीस तुम्हालाही ‘कोर्टात जा’ असेच सांगतील. म्हणून आदेश आधी तुम्ही घ्या.

ताब्याच्या स्वतंत्र दाव्याने सुरुवात करू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 12 खाली मिरजेच्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तुम्ही तात्पुरत्या राहता तिथेही हा अर्ज चालतो (कलम 27), त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. याच कायद्याखाली नेमलेले सरकारी संरक्षण अधिकारी हिंसाचाराचा घटना अहवाल विनामूल्य तयार करतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो, महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

बहुतेक अर्ज फसतात ते एका ठिकाणी. मारहाणीची चार पाने असतात आणि मुलांबद्दल एकच ओळ: ‘मुले माझ्यासोबत आहेत.’ मग आदेशही तेवढाच होतो, पोटगीचा. मुलांसाठी वेगळे परिच्छेद लिहा: कोणत्या प्रसंगी मुले कुठे होती, काय पाहिले, मध्ये पडताना मुलाला लागले का, त्यानंतर झोप, खाणे, शाळा यांत काय बदलले. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आदल्या आठवड्यात’ असे लिहा. अंदाजाने तारीख ठोकू नका, उलटतपासणीत ती तुमच्याच अंगावर येते.

मागण्याही सुट्या करा. कलम 18 खाली (संरक्षण आदेश): मुलांना मारहाण, शाळेच्या आवारात येणे, रस्त्यात गाठणे, फोनवरून धमकावणे यांस मनाई, आणि शाळेचे नाव-पत्ता त्यातच. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा. वडिलांच्या भेटीने मुलांचे अहित होणार असेल तर भेट नाकारण्याचा अधिकारही याच कलमात आहे, पण कारण दाखवावे लागते. नुसते ‘भेट नको’ म्हटले की तुम्हीच आडमुठ्या दिसता. दुसरा पर्याय म्हणून दिवसा, ठरलेल्या जागी, तिसऱ्या माणसासमोर आणि दारू न पिता भेट, असेही लिहून ठेवा. शाळेची मनाई कलम 18 मध्येच हवी, कारण संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ताब्याच्या आदेशाला तशी धार नाही.

कलम 20 खाली खर्च मुलागणिक मांडा: फी, व्हॅन, वह्या-पुस्तके, दूध, औषध. गोळाबेरीज आकडा कापला जातो. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर असला तरी तिथे संसार झाला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंद्र अहुजा प्रकरणात तसे म्हटले आहे. मात्र सासूबाईंना घराबाहेर काढण्याचा आदेश मिळणार नाही, कायद्यातच मनाई आहे. परत जायचे नसेल तर भाडे मागा.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात. म्हणून कलम 23 चा अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज, नमुना 3 मधील शपथपत्रासह, पहिल्याच दिवशी द्या.

मुलाचा त्रास तुमच्या तोंडून नव्हे, डॉक्टरांच्या कागदावर आला पाहिजे. त्याला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बालरोग किंवा मानसोपचार विभागात दाखवा आणि घरात काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगा. ‘पडला’ असे एकदा केसपेपरवर आले की ते पुसता येत नाही. मुलाकडून मोबाइलवर जबाब रेकॉर्ड करून घेऊ नका. पढवल्याचा आरोप होतोच, शिवाय पोर तीच रात्र पुन्हा जगते. गरज वाटली तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतात.

दाखला अडवून कोणी मुलाचे शिक्षण थांबवू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेला दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची मोफत प्रत मिळते. तिची झेरॉक्स मुख्याध्यापकांना आणि व्हॅनवाल्या काकांना द्या.

पुण्याहून ताब्याची नोटीस आली तर ती परत पाठवू नका. घ्या आणि तारखेला वकील उभा करा. गैरहजेरीत झालेला आदेश फिरवण्यातच वर्ष जाते.