‘अन्नसाखळी’तील साखळी आणि घरातील उतरंड

‘अन्नसाखळी’ऐवजी ‘अन्नशृंखला’ लिहिणे अधिक शुद्ध नाही का, आणि अन्नसाखळीची ‘लांबी’ व ‘स्थिरता’ मर्यादित असते असे म्हणताना हे दोन शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने घ्यायचे, असा प्रश्न आला आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ‘साखळी’ हा ‘शृंखला’ याच शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज असल्यामुळे रुळलेला शब्द बदलण्याचे कारण नाही. मला खटकते ते या शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र. साखळीच्या कड्या सारख्या असतात आणि त्या जोडत गेल्यास ती हवी तितकी वाढते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, सर्पगरुड या ओळीत मात्र प्रत्येक प्राणी मिळालेल्या ऊर्जेपैकी बहुतेक ऊर्जा श्वसनात आणि हालचालीत खर्च करतो, काही अन्न न पचताच बाहेर पडते, आणि पुढच्याच्या वाट्याला ढोबळमानाने दहावा हिस्सा उरतो. गवतात 10,000 एकक ऊर्जा धरली, तर सर्पगरुडापर्यंत एक एकक पोहोचते. येथे ‘लांबी’ म्हणजे अंतर नव्हे, तर पायऱ्यांची संख्या. ती बहुधा चार-पाचांवर थांबते. ऊर्जेचा असा पायरीवार हिशेब रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्यावरून मांडला. 1942 साली तो निबंध छापून आला, तेव्हा वयाच्या अवघ्या 26 व्या वर्षी त्यांचे निधन झालेले होते.

पायरीगणिक निमुळत्या होत जाणाऱ्या ऊर्जेच्या या आकृतीला मराठीत ‘उतरंड’ हा फार चपखल शब्द आहे. तळाशी रांजणाएवढे मडके, त्यावर त्याहून लहान, आणि शेंड्याला बोळके. ते बोळके किती उंचीवर बसेल हे तळाचे मडके ठरवते.

तरीही ही उपमा पुरी पडत नाही. तळाची ऊर्जाच सर्व काही ठरवीत असती, तर अधिक सुपीक तलावांत साखळ्याही अधिक लांब आढळायला हव्या होत्या. परंतु उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील 25 तलावांच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबीचा संबंध सुपीकतेशी नव्हे, तर तलावाच्या आकारमानाशी जुळला.

राहिला शब्द ‘स्थिरता’. ‘स्थिर’ म्हटले की न हलणारे असा अर्थ मनात येतो, आणि तो येथे लागू नाही, कारण प्राण्यांची संख्या सतत वरखाली होत असते. धक्का बसल्यानंतर ती किती लवकर पूर्वपदावर येते, हा येथील अर्थ आहे. म्हणून मी ‘स्थैर्य’ लिहितो आणि सोबत ‘पूर्वपदावर येणे’ हा आपला नेहमीचा वाक्प्रयोग वापरतो. स्टुअर्ट पिम आणि जॉन लॉटन यांनी 1977 साली गणिती प्रतिमानांतून दाखवले की, पायऱ्या जितक्या अधिक, तितकी ही परतीची वाट लांबते. नाकतोडे एका चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरून येऊ शकतात. सर्पगरुडाची मादी मात्र एका विणीला बहुधा एकच अंडे घालते.