रात्रभर वाजणारा कॅमेरा: सेन्सिटिव्हिटीच्या आधी कुंचा हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की गावच्या पडवीतला कॅमेरा पाऊस लागल्यापासून रात्रीत शंभरेक सूचना पाठवतो, सेन्सिटिव्हिटी (किती बारीक हालचालीवर सूचना द्यायची ते) निम्मी केली तरी फरक नाही, आणि आता नोटिफिकेशन बंदच करून टाकावं असं वाटतंय. तेवढं मात्र करू नका. मी केलं होतं. मागच्या दारचा भरलेला सिलिंडर गेला. क्लिप झाली होती, ॲपमध्ये नोंदही पडली होती, फोन तेवढा गप्प होता.

कालच्या रात्रीच्या दहा क्लिप आधी नीट बघा. पांढऱ्या रेघा सपासप जात असतील तर ते किडे. एकच धागा झुलताना दिसला तर कोळ्यानं लेन्ससमोर जाळं बांधलंय. बहुतेक साधे वायरवाले कॅमेरे आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र ताडून किती भाग बदलला ते बघतात. किडा लेन्सपासून चार बोटांवर असतो, इन्फ्रारेडचा, म्हणजे रात्री बघायला कॅमेरा टाकतो त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, झोत थेट त्याच्यावर पडतो, आणि चित्रात तो फाटकाशी उभ्या माणसापेक्षा मोठा दिसतो. म्हणून सेन्सिटिव्हिटी कमी करत गेलात की किड्याच्या आधी माणूसच सुटतो. पावसाचे थेंबही तसेच. पागोळ्या लेन्ससमोर पडत असतील तर कॅमेरा वळचणीच्या आत सरकवा.

खरा इलाज म्हणजे उजेड लेन्सपासून लांब नेणं. कॅमेऱ्यातलं इन्फ्रारेड बंद करा आणि पाच-सहा हातांवर भिंतीला पिवळसर एलईडी लावा. पांढऱ्यापेक्षा पिवळ्यावर किडे कमी येतात, आणि जे येतात ते दिव्याशी घुटमळतात. जाळं आठवड्याला कुंच्यानं काढावंच लागतं, त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

एवढं झालं की मग ॲप उघडा. केळीची पानं, कपड्यांची दोरी आणि रस्ता झोनमधून, म्हणजे चित्रातल्या ज्या भागावर कॅमेऱ्यानं लक्ष ठेवायचं त्यातून, वगळा. मात्र गाडीचा हेडलाइट अंगणात पडत असेल तर झोनचा उपयोग नाही. तिथे कॅमेऱ्याचं तोंड खाली करा किंवा ॲपमध्ये ‘फक्त माणूस’ हा पर्याय असेल तर तो लावा. उंची आठ-नऊ फूट पुरते.

बॅटरीवाला कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. त्यातला पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. समोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा. म्हणून तो पायवाटेच्या बाजूला लावायचा, वाटेच्या तोंडावर नाही.

सगळं बसलं की रात्री नऊला गावी असलेल्या वडिलांना फाटकापासून दारापर्यंत चालायला सांगा, एकदा नुसतं आणि एकदा छत्री उघडून. छत्रीखालचा माणूस वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला कधीकधी माणूस वाटत नाही. दोन्ही वेळा तुमचा फोन वाजला पाहिजे. छत्रीच्या वेळी नाही वाजला तर ‘फक्त माणूस’ काढा आणि झोन दारापुरता ठेवा.